स्मरणरंजन आणि चावटपणाची भाषा : सातारा-सांगली परिसरातील ‘पिवळ्या पुस्तकां’च्या आठवणींचे परीक्षण

१

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दासाठी मराठीत ‘स्मरणरंजन’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. मूळ शब्द १६८८ साली योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडविला. घरी परतणे या अर्थाचा एक ग्रीक शब्द आणि वेदना या अर्थाचा दुसरा, यांचा तो समास होय. परमुलखात राहणाऱ्या माणसांना घराच्या ओढीने जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. मराठी प्रतिशब्दात घरही राहिले नाही आणि वेदनाही राहिली नाही. राहिले ते स्मरण आणि त्यातून होणारे मनोरंजन. प्रतिशब्द घडविताना अर्थाची अशी थोडीफार गळती होतेच, आणि एरवी तिची दखल घेण्याचे कारण पडले नसते. परंतु ज्या विशिष्ट स्मरणाचा विचार येथे करावयाचा आहे, त्यात नेमक्या या दोनच गोष्टी गळालेल्या आढळतात.

हे स्मरण प्रौढांसाठी निघणाऱ्या मासिकांचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘पिवळ्या पुस्तकां’चे आहे. १९७० ते १९९५ या काळात वयात आलेल्या पुरुषांच्या गप्पांत, आणि अलीकडे त्यांच्या लेखनातही, ते वारंवार डोकावते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत त्याचा साचा जवळजवळ एकच आहे. एसटी स्टँडवरचा पुस्तकांचा गाळा. दर्शनी भागात पंचांगे, आरत्यांच्या पुस्तिका, स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके. आणि फळीखाली, दोरीने बांधलेला, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठीच सुटणारा गठ्ठा. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रत, वसतिगृहातील खोली, पाळीपाळीने होणारे वाचन, पाने सुटेपर्यंत हातोहात फिरणारा अंक आणि शेवटी रद्दी. हा साचा लोककथेच्या साच्याइतका स्थिर आहे, आणि त्याचा शेवटही ठरलेला आहे : आता मोबाइलवर सारे काही फुकट मिळते, पण त्यात ती गोडी नाही.

दोन्ही जिल्ह्यांचा विचार एकत्र करण्यास ऐतिहासिक आधार आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची बोली, तमाशाचे फड, जत्रांचे वेळापत्रक आणि एसटीचे मार्ग या बाबतींत हा प्रदेश सलग आहे. प्रश्न असा की, ‘ती गोडी’ म्हणजे नेमके काय, आणि ती खरोखर त्या पुस्तकांत होती काय?

२

या प्रश्नाकडे प्रथम शब्दांच्या बाजूने पाहणे सोयीचे होईल. कारण या विषयासंबंधी मराठीत जे शब्द वापरले जातात, ते एकाच वस्तूची निरनिराळी नावे नाहीत. प्रत्येक शब्दामागे वेगळा दृष्टिकोन आहे.

‘अश्लील’ हा शब्द शास्त्राकडून आला. संस्कृत साहित्यशास्त्रात तो काव्यदोषांच्या प्रकरणात येतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलाचे तीन प्रकार केले आहेत : व्रीडा, म्हणजे लाज, उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे, आणि अमंगल सुचविणारे. हा दोष पदाच्या अंगाने मांडलेला आहे, ही गोष्ट महत्त्वाची. शृंगार हा विषय शास्त्रकारांना निषिद्ध नव्हता. तो तर त्यांचा पहिला रस. दोष शब्दाचा, आणि तोही प्रसंगावर अवलंबून. योग्य संदर्भात या दोषाचा गुण होतो, हे मम्मटानेही मान्य केले आहे. याच प्रकरणात ‘ग्राम्य’ हा दुसरा पददोष सांगितला आहे. अश्लील आणि ग्राम्य हे दोष शास्त्रात वेगवेगळे असले, तरी पुढे सुशिक्षित मराठी मनात त्यांची सरमिसळ झाली. गावाकडच्या बोलीतील शब्द तेवढा अश्लील आणि त्याच अवयवाचे संस्कृत नाव मात्र सभ्य, ही समजूत त्या सरमिसळीतून आलेली आहे.

‘चावट’ हा शब्द याहून वेगळा. जुन्या मराठीत ‘चावटी’ म्हणजे वायफळ बडबड, आणि चावट म्हणजे तोंडाळ, बडबड्या. आज त्या शब्दाला आलेली शृंगारिक छटा नंतरची आहे. परंतु मूळचा धागा तुटलेला नाही. चावटपणा हा मुख्यतः बोलण्याचा गुण आहे. त्याला बोलणारा लागतो, ऐकणारा लागतो, आणि दोघांना समजणारी एक भाषा लागते. ‘आवाज’ या १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या दिवाळी वार्षिकातील खिडकीचित्रे या गुणाचे चांगले उदाहरण ठरतील. पानाला पाडलेल्या खिडकीतून भलतेच काही दिसल्याचा भास होतो. पान उलटले की चित्र निरुपद्रवी निघते. भलते काही होते ते पाहणाऱ्याच्या मनात. द्व्यर्थी बोलण्याची रचनाही हीच असते.

पिवळ्या पुस्तकांपैकी ज्याचे नाव आज सर्वाधिक आठवले जाते, ते म्हणजे ‘हैदोस’. या शब्दाचा संबंध मोहरमच्या मिरवणुकीतील आरोळीशी जोडला जातो. ‘हैदोसधुल्ला’ हे त्याचे लांब रूप अजून काहींच्या बोलण्यात आहे. कडेगावच्या उंच ताबुतांचा मोहरम पाहणाऱ्या सांगली जिल्ह्यातील वाचकाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नव्हते. सर्व गावाने मिळून, रस्त्यावर, उघडपणे केलेल्या गलक्याशी जोडला जाणारा हा शब्द, एकट्याने, लपून, मूकपणे वाचावयाच्या अंकाला दिला गेला. या नामकरणातच एक विसंगती आहे, आणि ती पुढील विवेचनाला उपयोगी पडेल.

३

आता खुद्द त्या छापील पानाच्या भाषेकडे वळावे. येथे दोन थर वेगळे केले पाहिजेत. पहिला थर नाव लावून लिहिणाऱ्या लेखकांचा. चंद्रकांत काकोडकर हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमाखाली खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली काकोडकरांची सुटका झाली. अश्लीलतेची कसोटी देशागणिक, समाजाच्या थरागणिक आणि काळागणिक बदलते, ही भूमिका त्या निकालात मांडली गेली. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि कुटुंबच्या कुटुंबे तो पाहावयास गेली. एकाच लेखणीतून उतरलेली एक कृती न्यायालयात आणि दुसरी कौटुंबिक चित्रपटगृहात, या योगायोगावरून शृंगारिक कादंबरी आणि घरगुती कादंबरी यांतील भिंत किती पातळ होती, हे दिसून येते.

दुसरा थर निनावी. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व ठिकाण असणे बंधनकारक होते, आणि १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशनाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठविणेही प्रकाशकावर बंधनकारक झाले. पिवळे पुस्तक या दोन्ही बंधनांच्या बाहेर जगले. त्यामुळे कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत ते शोधून सापडणे कठीण. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील जुन्या नगरवाचनालयाचे ग्रंथ भिजले, तेव्हा त्या हानीची मोजदाद होऊ शकली. कारण जे गेले त्याची नोंद होती. पिवळ्या पुस्तकांचा संग्रह कोणत्याही पुरात बुडाला नाही, कारण तो कोठे नव्हताच. आज त्याच्याविषयी जे बोलले जाते ते सर्व स्मरणावर आधारलेले आहे, आणि स्मरण निवड करीत असते.

या निनावी थराच्या भाषेचे ठळक विशेष मात्र त्या पिढीच्या वाचकाला सहज ओळखता येतील. पहिला विशेष म्हणजे शैलीची ओढाताण. वर्णनाचा भाग संस्कृतप्रचुर : उरोज, नितंब, अधर, कामज्वर. संवादाचा भाग शहरी मध्यमवर्गीय घरातला. आणि कथा कळसाला पोहोचली की शिवीत वापरले जाणारे शब्द. संस्कृत काव्य, फ्लॅटमधील दिवाणखाना आणि रस्त्यावरची शिवी अशा तीन बोली एका पानावर नांदत; त्यांना जोडणारी, रोजच्या व्यवहारातली, कोमल आणि स्पष्ट अशी चौथी बोली मात्र तेथे नव्हती. तासगाव किंवा कोरेगाव तालुक्यातील वाचक ज्या बोलीत घरी बोलत होता, त्या बोलीत पिवळ्या पुस्तकातील नायिका क्वचितच बोलली असेल. तिचे घर पुण्या-मुंबईचे असे.

दुसरा विशेष अधिक गंभीर आहे, आणि तो नात्याच्या शब्दांचा. मराठीत, विशेषतः या प्रदेशात, परस्त्रीला संबोधण्यासाठी नात्याचा शब्द वापरतात : वहिनी, काकी, मावशी, मामी, ताई, आक्का. हे संबोधन म्हणजे सुरक्षिततेचा एक अलिखित करार आहे. ‘वहिनी’ म्हणणारा दीर होतो, आणि दिराच्या मर्यादा आपोआप स्वीकारतो. पिवळ्या पुस्तकाने कथानकासाठी नेमके हेच शब्द उचलले. निषिद्धाचे आकर्षण वाढविण्याची ती सर्वांत स्वस्त युक्ती होती. २००८ साली इंटरनेटवर आलेली आणि २००९ मध्ये सरकारने बंद केलेली ‘सविता भाभी’ ही चित्रमालिका याच परंपरेची वारस होय. तिच्या नावात नात्याचा शब्द आहे, तो उगाच नव्हे.

४

स्मरणरंजनाचे पहिले विधान असे असते की, त्या काळी टंचाई होती म्हणून कल्पनाशक्ती जागी होती. या विधानात तथ्यांश आहे, पण त्याचे कारण सहसा चुकीचे सांगितले जाते. टंचाईपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते पुस्तक वाचावे लागे. चित्रे थोडी आणि पुसट. बहुतेक काम शब्दांवर. वाक्यातून देह उभा करण्याचे श्रम वाचकाने घ्यावयाचे होते, आणि हे श्रम मराठीत होत होते. पडद्यावरील चलच्चित्राला भाषा लागत नाही. ते कोठेही तयार होते, कोठेही पाहिले जाते. त्यातील उद्गारांचा अर्थ लावावा लागत नाही. २०१६ साली मोबाइलवरील माहितीवहन एकाएकी स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांतील तरुणापर्यंत हे सारे पोहोचले. शोधावयाचे शब्दही रोमन लिपीत लिहावयाचे असल्याने, या संपूर्ण व्यवहारात मराठी अक्षर उमटण्याचा प्रसंगच उरला नाही.

ही घटना केवळ मराठीपुरती नाही. १९५३ साली निघालेल्या ‘प्लेबॉय’ या अमेरिकन मासिकाने २०१५ मध्ये नग्न छायाचित्रे थांबविण्याचे जाहीर केले. इंटरनेटवर सारेच उपलब्ध असल्याने त्यांना अर्थ उरला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. २०१७ मध्ये हा निर्णय फिरविण्यात आला, पण २०२० साली नियमित छापील अंक थांबला. चित्र मासिकातून निघून गेले तेव्हा मासिकाजवळ काय उरते, हा प्रश्न तेथेही पडला. तथापि त्या भाषेत या विषयावरील गंभीर, वैद्यकीय, ललित असे विपुल लेखन आधीच उभे होते. मराठीत पिवळे पुस्तक गेले तेव्हा त्याच्या मागे जी मोकळी जागा दिसू लागली, ती पुस्तकाने निर्माण केलेली नव्हती. ती पूर्वीपासूनच होती. पुस्तकाने ती झाकून ठेवली होती.

ही जागा भरण्याचा प्रयत्न मराठीत झालाच नाही असे नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे असत, आणि त्यावर खटलेही झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील होते. तो खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून उद्भवला होता, ही बाब भाषेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. कामजीवनाविषयी सामान्य माणसाने मराठीत प्रश्न विचारावा आणि त्याला छापील मराठीत उत्तर मिळावे, असा संवाद तेथे चालू होता. पिवळ्या पुस्तकात प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ‘समाजस्वास्थ्य’ आणि पिवळे पुस्तक यांना समाजाने एकाच तागडीत तोलले. परंतु एकाने वाचकाला भाषा दिली आणि दुसऱ्याने त्याला गप्प राहून वाचावयास शिकविले. अर्थात कर्व्यांच्या मासिकाचीही मर्यादा नोंदविली पाहिजे. त्यातील ‘शारदेची पत्रे’ कर्वे स्वतःच लिहीत. स्त्रीचा आवाज तेथेही पुरुषाने काढलेला होता.

५

कृष्णाकाठच्या या प्रदेशात देहाविषयी बोलण्याच्या दोन ठळक रीती आढळतात. त्यांची टोके जवळजवळ नकाशावर दाखविता येतील.

एक टोक वाईला. महाराष्ट्र शासनाच्या मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यातील या गावी उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. ज्ञानविज्ञानाची मराठी परिभाषा घडविण्याचे हे काम असामान्य योग्यतेचे आहे. शरीरशास्त्राची परिभाषा स्वाभाविकपणे संस्कृतातून घडली. ती अचूक आहे, निःसंदिग्ध आहे; परंतु त्या शब्दांनी कोणी आईला, मित्राला किंवा पत्नीला काही विचारू शकत नाही.

दुसरे टोक वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, १८६६ साली येथे जन्मले. गावचे कुलकर्णीपण सोडून ते तमाशात गेले आणि पवळाबाईसह त्यांनी फड गाजविला. लावणीत, गौळणीत आणि बतावणीत शृंगाराची भाषा लोकबोलीची होती, द्व्यर्थी होती, आणि मुख्य म्हणजे ती सार्वजनिक होती. शिमग्याच्या बोंबेप्रमाणेच तिला काळवेळ होता, मंडप होता, टाळी होती. चावट या शब्दाचा मूळ अर्थ येथे पूर्णपणे लागू पडतो. हैदोस या शब्दाचाही पडतो.

परंतु एका स्मरणरंजनाच्या जागी दुसरे बसविण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. लावणी बहुधा पुरुषाने स्त्रीच्या मुखी घालून लिहिली. ती गाणारी आणि नाचणारी स्त्री बहुतांशी दलित वा भटक्या जातींतील होती. आणि मंडपातील मोकळीक संपल्यावर तिच्या वाट्याला जे येई, त्याला मोकळीक म्हणता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा भाषा शुद्ध करण्याचा आग्रह धरला गेला. त्या स्त्रियांच्या पोटाचा विचार नंतर आला. पठ्ठे बापूरावांच्या भाषेचे मोल मान्य करूनही, ती भाषा कोणाच्या जिवावर मोकळी होती, हे विसरता येत नाही.

शास्त्राची अचूक पण मुकी भाषा आणि फडाची बोलकी पण पुरुषाच्या हुकमतीतील भाषा, या दोहोंमध्ये एसटी स्टँडवरचा तो गठ्ठा होता. त्याने वरच्या टोकाकडून संस्कृत शब्द घेतले, खालच्या टोकाकडून शिव्या घेतल्या, आणि दोन्हींचा प्राण, म्हणजे एकीचे ज्ञान आणि दुसरीचा जाहीर हशा, तेवढा टाकून दिला.

६

स्मरणरंजनाचे दुसरे विधान असे की, ते सारे निरागस होते, त्यात भाईचारा होता. ‘बालक-पालक’ हा रवी जाधव दिग्दर्शित २०१३ चा मराठी चित्रपट या भावनेचा बहुधा सर्वांत यशस्वी आविष्कार होय. त्यातील मुले मुंबईच्या चाळीत राहतात. पण सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाने त्यात आपलेच बालपण पाहिले. चित्रपटाचे बलस्थान भाषेत आहे. चाळीतील एका तरुण मुलीविषयी मोठी माणसे ‘शेण खाणे’ यासारख्या वाक्प्रचारात बोलतात, आणि मुलांच्या शोधाला आरंभ होतो तो या बोलण्याचा अर्थ लावण्यापासून. अर्थ सांगणारे कोणी नसल्यामुळे मुले प्रथम पुस्तकाकडे आणि नंतर व्हिडिओकडे वळतात. पिवळे पुस्तक हे मुलांच्या वासनेपेक्षा मोठ्यांच्या अबोलपणाचे अपत्य आहे, असा या मांडणीचा अर्थ होतो, आणि तो मान्य करण्याजोगा आहे.

तरीही चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षक हळवा होतो तो हरवलेल्या मैत्रीसाठी. जिच्यामुळे कथा सुरू झाली ती चाळ सोडून गेलेली मुलगी त्याच्या मनात शेवटी कितपत उरते, हा प्रश्नच आहे. सर्वसाधारण आठवणींतही हेच घडते. गठ्ठा सोडणारा गाळेवाला आठवतो, प्रत लपविण्याची जागा आठवते, पकडला गेलेला मित्र आठवतो. त्याच स्टँडवर महाविद्यालयाची बस धरण्यासाठी उभी असलेली, मुखपृष्ठ दिसताच नजर खाली घालणारी मुलगी आठवत नाही. शेजारच्या घरातील ज्या स्त्रीला ‘वहिनी’ म्हटले जात होते, तिला त्या शब्दाचा नवा वापर कळल्यावर काय वाटले असेल, याची आठवण कोणाजवळ नाही. होफरच्या शब्दातील घर आणि वेदना मराठी प्रतिशब्दात उतरली नाही असे आरंभी म्हटले, त्याचा प्रत्यय येथे येतो. घर या स्त्रियांचे होते, आणि वेदनाही त्यांचीच होती.

स्त्रियांनी स्वतः या विषयावर मराठीत बोलावे, असे घडले का? घडले, आणि ते सांगलीतच घडले. ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून सांगलीत एड्सप्रतिबंधाचे काम सुरू केले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच एकमेकींना समजावून सांगू लागल्या, निरोध वाटू लागल्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली आणि तिचे नाव ठेवले गेले ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. ज्या शब्दाचा उपयोग केवळ शिवी म्हणून किंवा केवळ समाजशास्त्राच्या पुस्तकात होत होता, तो शब्द ज्यांच्यासाठी होता त्यांनीच आपल्या पाटीवर लिहिला. आजाराविषयी, गिऱ्हाइकाविषयी, पोलिसांविषयी, मुलांच्या शिक्षणाविषयी बोलताना त्यांना संस्कृत पर्याय शोधावा लागला नाही आणि शिवीचाही आधार घ्यावा लागला नाही. पिवळ्या पुस्तकात जी चौथी बोली आढळत नाही असे वर म्हटले, ती मराठीला अशक्य नव्हती. सांगलीच्या गोकुळनगरातील स्त्रिया ती बोलत होत्या. गठ्ठा सोडणाऱ्या गाळ्यापासून ती वस्ती फार दूर नव्हती. दोन्ही ठिकाणी विषय एकच होता. फरक एवढाच की, एका ठिकाणी स्त्री बोलत होती आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या नावाने बोलले जात होते.

७

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा मांडता येईल. पिवळ्या पुस्तकांच्या आठवणीत जी हुरहूर व्यक्त होते ती खोटी नाही. परंतु ती आपल्या विषयाचे नाव चुकीचे सांगते. त्या पिढीला जे हरवल्यासारखे वाटते ते मासिक नसून, देहाविषयी मराठीत काही वाचण्याचा, आणि ते वाचल्याचे निदान मित्राला मराठीत सांगण्याचा, तुटपुंजा का होईना पण एकमेव प्रसंग होय. तो प्रसंग हलक्या दर्जाचा होता, स्त्रियांवर अन्याय करणारा होता. पण दुसरा कोणता उपलब्ध नव्हता म्हणून त्याला गोडी आली. दुष्काळात मिळालेल्या मिलोच्या भाकरीची चव लोक आजही आठवतात, म्हणून मिलो हे काही उत्तम धान्य ठरत नाही.

हा निष्कर्ष केवळ भूतकाळापुरता नाही. शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात २००७ साली विरोधामुळे थांबविण्यात आला. कायदा मात्र काळाबरोबर चालला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमात छापील पुस्तकाबरोबर इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील अश्लील सामग्रीही आली. बंदी घालण्याची भाषा अशी अद्ययावत झाली. विचारण्याची आणि सांगण्याची भाषा आहे तेथेच आहे. सांगली किंवा साताऱ्यातील आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाजवळ पाठ्यपुस्तकातले संस्कृत शब्द आहेत, रस्त्यावरच्या शिव्या आहेत, आणि पडद्यावरून उचललेले इंग्रजी शब्द आहेत. मुलीजवळ बहुधा यांतील पहिलेच तेवढे असतात. एखादी गोष्ट दुखते, आवडत नाही, नको आहे किंवा हवी आहे, हे दुसऱ्या माणसाला सांगण्यासाठी या तिन्हींपैकी कोणतीही भाषा पुरी पडत नाही. नकार आणि संमती या दोन्ही भाषेच्याच क्रिया आहेत. शब्द नसेल तर दोन्ही संदिग्ध राहतात, आणि त्या संदिग्धतेची किंमत कोणाला द्यावी लागते हे सांगण्याची गरज नाही.

मराठीच्या अभ्यासकांपुढे या संदर्भात दोन कामे आहेत. पहिले संकलनाचे. निनावी पुस्तके रद्दीत गेली तरी त्यांच्या वाचकांची पिढी अजून हयात आहे, आणि ज्या स्त्रियांनी ती न वाचता त्यांचे परिणाम सोसले त्याही हयात आहेत. दोघांचीही शब्दसंपत्ती नोंदवून ठेवली पाहिजे. केवळ पहिल्यांची नोंदली तर पुन्हा एक स्मरणरंजनच हाती लागेल. दुसरे काम परिभाषेचे. वाईच्या परंपरेची अचूकता आणि गोकुळनगरच्या बोलीतील सहजता यांचा मेळ घालून, घरात उच्चारता येतील असे शब्द निवडणे, ते कोशात नोंदणे आणि शिकविणे हे काम भाषाविज्ञानाच्या कक्षेत येते. ते नीतीच्या रक्षकांवर किंवा यंत्रांच्या विक्रेत्यांवर सोपवून चालणार नाही.

चावट या शब्दाचा जुना अर्थ बडबड्या असा होता, हे वर सांगितलेच आहे. ज्या विषयावर एक समाज शतकभर एकतर कुजबुजत किंवा ओरडत आला, त्या विषयावर साध्या आवाजात बोलता येणे, हीच त्या शब्दाची खरी उन्नती ठरेल. तसे बोलता येऊ लागले, तर फळीखालच्या गठ्ठ्याची आठवण येणे आपोआप थांबेल; आणि आली तरी तिच्यात त्या स्टँडवर उभी असलेली मुलगीही दिसेल.